मातीच्या गोणीचा भाव

नांदूरघाट
१८ ऑगस्ट २०२४

चि. पौर्णिमा आणि तिच्यासोबत पालीला माती चाळणाऱ्या माझ्या बहिणींनो,

तुम्हा चौघींना शहादेवचा सप्रेम जयभीम, आणि पाचव्या छबुबाईंना रामराम.

तुमच्या कष्टाचा भाव आजवर तुम्ही सोडून सगळ्यांनी ठरवला. उसाच्या फडात मुकादमानं ठरवला, कापसाच्या वेचणीला शेतमालकानं, रस्त्याच्या कामावर ठेकेदारानं. आता पहिल्यांदा स्वतःचा माल तयार करून विकायला बसलात, तर तुम्हीच स्वतःला मुकादमाहून वाईट भाव दिलात. हे मला सहन होत नाही आणि बोलताही येत नाही, म्हणून लिहितो आहे.

घशाची गाठ काढल्यापासून डॉक्टरांनी तीन महिने तोंडातून शब्द काढायची बंदी घातली आहे. चाळीस वर्षं जिल्ह्यातल्या प्रत्येक जयंतीला जो माणूस बोलला, त्याला आता चहात साखर कमी पडली तरी कागदावर लिहून दाखवावं लागतं. मोबाइलवर बोटानं टाइप करून बघितलं. पण एक वाक्य पूर्ण होईपर्यंत राग थंड होतो. पत्रात तसं होत नाही.

पौर्णिमा, तू गेल्या आठवड्यात भेटायला आलीस, येताना तुमच्या चाळलेल्या मातीची आणि कंपोस्टची एक गोणी आणलीस. मी ती उघडून हातात घेतली. रव्यासारखी मोकळी, काळीभोर, एक खडा नाही, एक काच नाही. अशी माती मी कृषी प्रदर्शनातसुद्धा बघितली नाही. भाव विचारला तर तू हसत सांगितलंस की पन्नास रुपये, आणि त्यातसुद्धा एकोणीस सुटतात. मी तेव्हा बोलू शकलो असतो तर तुला तिथंच बसवून विचारलं असतं की बाई, तुझे हात कुणी फुकट वाटायला काढले?

मला पुढच्या पत्रात सगळं लिहून पाठव. माती कुठून येते, किती दिवस लागतात, कोण काय करतं. काहीही फुकट आहे असं लिहू नकोस. तुझ्या आईला, मुक्ताअक्काला, सांग की भाऊ बरा आहे, फक्त घरात शांतता झाल्यामुळे शेजारी घाबरलेत.

पत्र लवकर यावं, एवढा हट्ट आहे.

तुझा मामा,
शहादेव

*

पाली
२५ ऑगस्ट २०२४

ती. शहादेवमामांस पौर्णिमाचा सा. जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र शेडमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. मुकादमाचं वाक्य आलं तेव्हा चाळण्या थांबल्या. ताराबाई म्हणाल्या की आवाज गेला तरी भाषण काही गेलं नाही. आई म्हणते की तीन महिने हे असंच राहिलं तर मामी सुखानं जगतील. हे तिनं लिहायला सांगितलं, माझं नाही.

आता विचारलंत म्हणून सांगते. बीडच्या बाजूला प्लॉटिंगवाले शेतातली वरची काळी माती खरडून ओढ्यात ढकलून देतात, कारण त्यांना खाली मुरूम लागतो. ती माती त्यांच्या चिठ्ठीनं आणि तहसीलच्या पावतीनं आम्ही उचलतो. उत्तरेश्वर ट्रॅक्टरवाला ट्रॉलीला पंधराशे घेतो. त्या मातीत काय नसतं? विटांचे तुकडे, प्लास्टिक, एकदा तर चष्मा निघाला. जुन्या बाजेच्या चौकटीला जाळी ठोकून चाळण्या केल्यात. ट्रॉलीत साधारण दोनशे साठ घमेली येतात, त्यातला चौथा हिस्सा खडे न् ढेकळं म्हणून बाजूला जातो. उरलेल्या मातीत तीन घमेल्यांना एक कंपोस्ट मिसळतो. गोणीत चार घमेली. एका ट्रॉलीला आम्हा पाचजणींचे दोन दिवस जातात. मी आणि वच्छलाबाई गिऱ्हाईक बघतो, गोण्यांची तोंडं शिवतो. भरायचं काम छबुबाई आणि माया करतात.

भाव मी असा काढला: ट्रॉलीचे पैसे आणि रिकाम्या गोणीचे आठ रुपये. शेण घरचं, पालापाचोळा गावातला, हात आपले. पन्नासला विकलं तर वरचे एकोणीस पाचजणीत वाटून घेतो. तुम्ही फुकट लिहू नको म्हणालात, पण मामा, शेणाला किंमत लावली तर ज्यांच्या गोठ्यातून आणतो ते उद्या पैसे मागतील.

खरी काळजी वेगळी आहे. छबुबाई शिरूर कासारच्या. एकवीस हंगाम उसाला गेल्या. माया त्यांची सून. गेला हंगाम संपल्यापासून दोघी इथं आमच्याबरोबर आहेत. मुकादम गावात फिरायला लागलाय. मायाचा नवरा बाळू म्हणतो की इथं बायकोला दिवसाला शंभर-सव्वाशे रुपये पडतात, त्यापेक्षा दोघं मिळून कोयता धरू, आणि आई येईल लेकराला सांभाळायला. दसऱ्यापर्यंत रोजचे तीनशे पडायला लागले तर दोघी थांबतील, असं छबुबाईंनी कबूल केलंय. त्या दोघी गेल्या तर आमचं शेड बंद झालं म्हणून समजा. आम्हा तिघींच्यानं हे होणार नाही.

पण भाव वाढवला आणि गिऱ्हाईक पळालं तर? सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बद्रीनाथराव आहेत, बायपासवरच्या नर्सरीचे. दहातल्या सात गोण्या तेच नेतात, रोख. उरलेल्या तीन बीडचे गच्चीवर कुंड्या लावणारे नेतात. कालच मला म्हणाले की ताई, माती विकून मातीतच जाल, जरा गोड बोलत जा गिऱ्हाइकाशी. त्यांचा विनोद असतो, पण मला रात्रंदिवस टोचतो.

घशाला जपा. आमच्यावरचा जीव कमी करू नका.

तुमची,
पौर्णिमा

*

नांदूरघाट
३० ऑगस्ट २०२४

चि. पौर्णिमा हिस मामाचा सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

तुझं पत्र चारदा वाचलं. ‘हात आपले’ हे दोन शब्द मी लाल शाईनं अधोरेखित केलेत. मी अनेक वर्षं पुस्तकं वाचली, अर्थशास्त्राची जाडजूड वाचली, तिथं पानोपान लिहिलेलं असतं की श्रमाशिवाय मूल्य नाही. आणि माझी बी.ए. झालेली भाची पाच बायकांचे दोन दिवस कागदावर शून्य मांडते. शेणाचंही तेच. गोठेवाल्यानं पैसे मागितले तर देऊन टाक. तो मागेल या भीतीनं तू गिऱ्हाइकाला शेण फुकट वाटते आहेस. गोठेवाल्यानं न मागितलेले पैसे बीडच्या गच्चीवरच्या गुलाबाला का द्यायचे?

मी मांडतो. रोजगार हमीवर सरकार माती उचलायला तीनशेच्या आसपास देतं, तेवढेच धर. पाचजणींचे दोन दिवस, म्हणजे तीन हजार. ट्रॉली पंधराशे. कंपोस्टची पासष्ट घमेली, शेण आणणं, पालट करणं, पाणी मारणं धरून घमेल्याला बारा, म्हणजे सातशे ऐंशी. चार घमेल्यांप्रमाणे पासष्ट गोण्या भरतात, त्यांचे पाचशे वीस. सगळे मिळून अठ्ठावन्नशे. गोणीला जवळपास नव्वद रुपये खर्च आहे, पोरी! तू नव्वदचा माल पन्नासला देऊन एकोणीस कमावले म्हणून पेढे वाटत होतीस.

भाव शंभर. एक रुपया कमी नाही. बद्रीनाथरावांची नर्सरी मी पाहिली आहे. तीच माती ते कुंडीत घालून दोनशेच्या खाली विकत नाहीत, त्यामुळे त्यांच्या पोटाची काळजी तू करू नकोस. ते म्हणतील महाग, दहा रुपये सोड. तेव्हा हसायचं नाही, मान खाली घालायची नाही. आपल्या बायकांना भाव सांगताना हसायची सवय आहे, जणू काही चूक केली.

छबुबाईंना सांग की एकवीस हंगामांनंतरचा बाविसावा त्यांनी स्वतःच्या घरात काढावा, यासाठी मी इथं मुक्यानं भांडतो आहे.

तुमचा सगळ्यांचा,
शहादेव

*

पाली
१० सप्टेंबर २०२४

ती. मामांस पौर्णिमाचा सा. जयभीम, वि. वि.

मामा, शंभर झाले! पहिल्या दिवशी माझा आवाज तुमच्यासारखाच गेला होता. बीडच्या एक मॅडम गच्चीसाठी सहा गोण्या न्यायला आल्या. मी शंभर म्हटलं. त्या म्हणाल्या की परवापर्यंत तर पन्नास होते. मी गप्प उभी राहिले, तुम्ही सांगितलं तशी, न हसता. वच्छलाबाई मागून म्हणाल्या की मॅडम, पन्नास ही चूक होती, हा भाव आहे. मॅडमनी तोंड वाकडं केलं आणि सहाच्या सहा नेल्या. का माहितेय? म्हणाल्या की दुसरीकडची गोणी आणली की कुंडी अर्धी राहते, तुमची पुरते.

बद्रीनाथरावांची मला जास्त भीती होती. पण ते एका शब्दानं भांडले नाहीत. शंभर म्हणता? बरं, शंभर. वर म्हणाले की आता कागद करू. दसऱ्याच्या मुहूर्तावर सही, पुढचे दहा महिने तुमची सगळी माती माझ्याकडे, गोणीला शंभर, गोणी आत्ता आहे तशीच. शेडमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मायानं बाळूला फोन करून सांगितलं की मुकादमाला चहा पाजून परत पाठव.

पण एक गोष्ट जमेना. तीनशे रोज प्रत्येकीला दिले, ट्रॉलीचे दिले, गोण्यांचे दिले, कंपोस्टचे दिले, की डबा रिकामा. तुमच्या हिशेबानं गोणीला दहा-अकरा उरायला पाहिजेत. उरत तर नाहीतच, उलट मागच्या आठवड्यात मी माझा रोज घेतला नाही. मग थप्पी मोजली. तुम्ही म्हणता ट्रॉलीला पासष्ट गोण्या. येतात बावन्न. दुसऱ्या ट्रॉलीलाही बावन्न. तेरा गोण्या माती कुठं जाते ते समजत नाही. कुणाला सांगितलेलं नाही, मायालाही नाही. सगळ्या इतक्या आनंदात आहेत.

काय करू ते सांगा. सही करायला बत्तीस दिवस आहेत.

तुमचाच आधार वाटणारी,
पौर्णिमा

*

नांदूरघाट
१४ सप्टेंबर २०२४

चि. पौर्णिमा, सप्रेम जयभीम.

आज आशीर्वाद वगैरे नंतर. आधी चोर पकड.

पासष्टच्या जागी बावन्न म्हणजे पाचवा हिस्सा गायब. माती उडून जात नाही. तू ट्रॉली मोजून घेतेस का? नाही. उत्तरेश्वर सांगतो दोनशे साठ आणि तुम्ही मान डोलावता. माझं आयुष्य गेलं हे सांगण्यात की मालकाच्या मापावर विश्वास ठेवू नका, आणि माझ्याच घरात ट्रॅक्टरवाल्याच्या मापावर विश्वास! मी पैजेवर सांगतो, त्याची ट्रॉली कडेनं भरलेली आणि मधे पोकळ असणार. पुढची ट्रॉली आली की सगळ्याजणींसमोर घमेल्यानं मोजून घे. दोनशे साठच्या खाली एक घमेलं निघालं तरी त्याचे पैसे काप. भीड बाळगू नकोस. भिडेनंच आपल्याला खाल्लंय.

बद्रीनाथरावांचा कागद मात्र डोळे मिटून कर. एका जमीनदार घरातला माणूस पाच मजूर बायांना लेखी भाव देतो, ही मोठी गोष्ट आहे. ट्रॉलीचं माप सरळ झालं की बाकीचं आपोआप सरळ होईल. आवाज असता तर या कागदावर मी दसऱ्याच्या सभेत अर्धा तास बोललो असतो.

तुझा,
मामा

*

पाली
२४ सप्टेंबर २०२४

ती. मामांस पौर्णिमाचा सा. जयभीम, वि. वि.

हे पत्र लिहायला मला दहा दिवस लागले. आधी वाईट बातम्या सांगते.

तुम्ही लिहिलं तसं केलं. उत्तरेश्वरची ट्रॉली सगळ्यांसमोर मोजली. दोनशे चौसष्ट घमेली निघाली. चार जास्त. उत्तरेश्वर बाजूला उभा राहून बघत होता. शेवटचं घमेलं झालं तेव्हा म्हणाला की पहिल्या खेपेपासून ट्रॉलीवर वरून माती टाकतोय कारण रस्त्यात सांडती, आणि आज मला चोर म्हणून मोजलं. कुणी सांगितलं, नांदूरघाटच्या मामानं का? मामाला म्हणावं बोलायची बंदी आहे तर लिहायची पण घाला. आणि गेला. चार दिवस फोन उचलला नाही. माती नव्हती, पाऊसही लागून होता, पाचजणी शेडमध्ये रिकाम्या बसून होतो. आईनं जाऊन त्याच्या आईची समजूत काढली तेव्हा आला. अजून माझ्याशी बोलत नाही, वच्छलाबाईंना सांगतो आणि त्या मला सांगतात.

मग तेरा गोण्या गेल्या कुठं? परवा सुतळी संपली म्हणून मी थप्पीमागं बसून जुन्या गोण्यांची सुतळी उसवत होते. पुढं छबुबाई गोणी भरत होत्या, माया तोंड धरून उभी. छबुबाई घमेलं ओतताना मोजतात, हे मला माहीत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. पहिलं घमेलं पडलं, त्या म्हणाल्या लाभ. दुसरं पडलं, म्हणाल्या एक. मग दोन, तीन, चार. गोणी पूर्ण.

मी पुढची गोणी ऐकली, त्याच्या पुढची ऐकली. प्रत्येक गोणीत पाच, मामा. पहिल्या दिवसापासून.

मी उठून विचारलं की लाभ का मोजला नाही. त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या जणू मी विचारतेय की श्वास कावून घेता. म्हणाल्या की पहिलं माप मोजायचं नसतंय, खळ्यात कुणी मोजलं न्हाई, माझ्या आईनं न्हाई, सासूनं न्हाई. मी म्हटलं की ते धान्य होतं, ही विकायची माती आहे, गोणीमागं एक घमेलं फुकट जातंय, शंभरच्या भावात आपल्याला गोणीला जवळपास दहा रुपये तोटा होतोय. मी नीट बोलले असते तर बरं झालं असतं. पण माझा आवाज चढला, आणि तो तुमच्यावर गेलाय असं आई म्हणते. सगळ्यांसमोर झालं.

छबुबाईंनी घमेलं खाली ठेवलं, पदरानं हात पुसले. म्हणाल्या की मला मोजायला येत न्हाई तर मी उसालाच जाते, तिकडं तोडायचं काम माझं असतंय, मोजायचं मुकादमाचं. दोन दिवस आल्या नाहीत. मायाही नाही. बाळूनं मुकादमाला पुन्हा निरोप धाडलाय, असं ऐकते.

मी बद्रीनाथरावांकडं गेले. विचारलं की तुम्हाला माहीत होतं का. ते खो खो हसले. म्हणाले की ताई, मी खळ्यावर वाढलो, म्हातारीचा लाभ मी पहिल्याच दिवशी ऐकला, म्हणून तर म्हटलं गोणी आत्ता आहे तशीच. माल देणाऱ्यानं मापात जास्त टाकलं तर घेणाऱ्यानं ओरडायचं असतं का? मला राग आला, पण त्यांनी खोटं काही केलं नव्हतं. कागदाचं विचारलं तर म्हणाले की दसऱ्याला पेन घेऊन या.

आता सांगा. छबुबाईंना चार घमेली भरायला सांगू? त्या येतील का? शंभरला चार की अजून काही?

तुमची चुकलेली,
पौर्णिमा

*

नांदूरघाट
२८ सप्टेंबर २०२४

चि. पौर्णिमा, सप्रेम जयभीम आणि या वेळी आशीर्वाद आधी.

सोबत वेगळ्या पाकिटात उत्तरेश्वरसाठी पत्र आहे. उघडू नकोस, त्याच्या हातात दे. मी त्याची माफी मागितली आहे. घरबसल्या, त्याचं तोंडही न बघता, मी एका कष्टकऱ्याला चोर ठरवलं. कारण मला चोर हवा होता, आणि तोही वरच्या बाजूला बसलेला. माझ्या सगळ्या भाषणांत तो तिथंच सापडतो. आपल्या हातातून माल सुटत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आणि कागद डोळे मिटून कर असं मीच लिहिलं होतं. तू केला असतास तर दहा महिने तुम्ही पाचजणी तोट्यात राबला असतात, माझ्या सल्ल्यानं, टाळ्या वाजवत.

तुझ्या पत्रातला तो शब्द वाचला आणि मी उठून अंगणात जाऊन बसलो. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. माझी आई मोठ्या वाड्याच्या खळ्यावर ज्वारी उफणायला जायची. संध्याकाळी रास मोजायची. मालकाच्या कणगीत माप पडायचं तेव्हा पहिलं म्हणजे लाभ, आणि मोजणी त्याच्यापुढं एकपासून. मग आईची मजुरी मोजायची वेळ यायची. तीच पायली, तोच माणूस, पण आमच्या फडक्यात पहिलं माप पडलं की तो लाभ म्हणायचा आणि दुसऱ्याला दोन. मालकाकडं लाभ वेगळा, आमच्याकडं लाभ म्हणजेच एक. मी आईला विचारलं होतं की असं का. तिनं मला चूप केलं. मी साठ वर्षं जगाला मापाबद्दल विचारत राहिलो आणि हे विसरलो.

छबुबाईंच्या हाताला मोजायला येत नाही, असं नाही. त्यांचा हात आयुष्यभर दुसऱ्याच्या कणगीसाठी मोजत आला. स्वतःचा माल स्वतःच्या नावानं मोजायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही. मी त्यांच्या मजुरीचा हिशेब केला, शेणाचा केला, रिकाम्या गोणीचा केला. गोणी कशी भरता, हे त्यांना विचारलं नाही. जो हात माल बनवतो त्याला न विचारता मी भाव ठरवला, म्हणजे मी तरी वेगळं काय केलं?

तू त्यांच्या घरी जा. चार की पाच, याचा निकाल मी देणार नाही, तूही देऊ नकोस. त्यांना विचार की पाचवं घमेलं त्या का घालतात. नुसती सवय असेल तर सवय सोडता येते. पण त्यांच्याकडं कारण असेल तर मला ते ऐकायचं आहे.

ओशाळलेला,
शहादेवमामा

*

पाली
४ ऑक्टोबर २०२४

शहादेवदादाला छबुबाईचा रामराम. लिहिणार माया. तिचं अक्षर बरं हाय, दहावी झाल्याली हाय.

पौर्णिमा घरी आलती. दारातच रडायला लागली, मग मीच चहा ठेवला. तुमचं पत्र वाचून दाखवलं. तुमच्या आईचं ऐकून मला माझी आई दिसली. आमी बी तशीच रास मोजली. मालकाचा लाभ वायला, आमचा लाभ न्हाई, हे मला आज कळलं. तवा कुणी इचारलं न्हाई आन आमी बी इचारलं न्हाई.

तुमी इचारलं पाचवं घमेलं कावून. आता खरं सांगते. लाभ म्हणायची सवय हाय ते खरं. पण चारानं कुंडी भरत न्हाई, दादा. चाळल्याली माती सैल असती. दोन पाणी घातले की खाली बसती, झाडाची मुळी उघडी पडती. मग ते पाचवं घमेलं वरून लागतंय. बीडची बाई परत परत येती ती कावून येती? बद्रीनाथ बी बारक्या गोणीचं गिऱ्हाईक न्हाई. मी चार भरली तर ह्या शेडची माती आन दुसऱ्याची माती एकच. मी पाचच भरणार. ज्याला चार पायजेत त्यानं दुसरीकडं जावं.

पण भाव मी सांगणार न्हाई. पौर्णिमा म्हणती की पाचाचे एकशे तीस झाले पायजेत, तर सगळ्यांचा रोज निघून वर वीस उरतात. लई बरं हाय. पण तेवढा आकडा बद्रीनाथच्या तोंडावर म्हणायला माझी जीभ रेटत न्हाई. मी आजपतूर कुणाला कशाचाच भाव सांगितला न्हाई, सांगत्याल ते ऐकलं. पौर्णिमानं जावं नाहीतर तुमचा आवाज आला की तुमी या. तुमचं लई नाव हाय.

मुकादम शनवारी, दसऱ्याला, निरोप इचारणार हाय. बाळूनं अजून हो म्हणलं न्हाई, न्हाई बी म्हणलं न्हाई. तुमी एकशे तीस मिळवून दिले तर मी न्हाई जात.

घसा जपा. चिडू नका. आमच्यावर नजर राहू द्या.

छबुबाई (अंगठा)
लिहिणार माया

*

नांदूरघाट
७ ऑक्टोबर २०२४

पौर्णिमा, माया, ताराबाई, वच्छलाबाई आणि सगळ्यांत आधी छबुबाई,

तुम्हाला जयभीम, रामराम, जे ज्याला आवडेल ते.

छबुबाई, तुमचं पत्र आल्यापासून मी ते खिशात घेऊन फिरतो आहे. माती बसते आणि मग पाचवं घमेलं लागतं, हे वाक्य मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. मी जिला सवय समजत होतो ती तुमची विद्या निघाली. आणि विद्येचा भाव लावायचा असतो.

काल डॉक्टरांनी घसा बघितला. म्हणाले की हळू हळू दोन-चार शब्द बोलायला हरकत नाही. घरात सगळ्यांना वाटलं की मी लगेच बीडची एसटी धरणार. खरं सांगतो, पाय पायरीपर्यंत गेले होते. बद्रीनाथरावांच्या नर्सरीत उभं राहून त्यांना खळ्याचा सगळा इतिहास ऐकवायची मला फार इच्छा आहे. मी ऐकवला असता तर त्यांनी एकशे तीस दिलेही असते, माझ्या नावाला भिऊन. आणि पुढच्या वर्षी भाव बदलायची वेळ आली की तुम्ही पुन्हा नांदूरघाटला पत्र टाकलं असतं. तुमचा भाव तुम्ही सोडून आणखी एकानं ठरवला असता, आणि तो एक मी असतो.

म्हणून मी येणार नाही.

बद्रीनाथराव नाही म्हणू शकतात. ते व्यापारी आहेत, तो त्यांचा हक्क आहे. नाही म्हणाले तर बाहेर या, बीडच्या मॅडमना आणि त्यांच्यासारख्या दहा गच्च्यांना विका. हंगाम जड जाईल, हे मी लपवत नाही. पण तोट्याच्या कागदावर सही करून उसाला न जाणं, हे उसाला जाण्यापेक्षा बरं नाही. ते हसतील, विनोद करतील, म्हातारीला पुढं केलं म्हणतील. करू द्या. त्यांना त्या गोणीची किंमत तुमच्याआधी कळली होती, त्यामुळे आकडा ऐकून ते आतून दचकणार नाहीत. दचकाल तुम्हीच. एकदाच दचकाल.

पौर्णिमा, तू त्या दिवशी बोलायचं नाहीस. उत्तरेश्वरला ट्रॅक्टर घेऊन यायला सांग, बायका ट्रॉलीत बसून जातील. त्यानं मला कार्ड टाकलंय की माफी पोचली, पण मामा फार लांब लिहितात.

आपला जीव एकमेकींत गुंतलेला राहू द्या, आणि माझाही त्यात थोडा असू द्या.

येत्या शुक्रवारी, अकरा तारखेला, सकाळी अकरा वाजता तुम्ही पाचही जणी बद्रीनाथरावांच्या नर्सरीत जा. कोरा कागद त्यांच्यासमोर ठेवा. आणि छबुबाई, तुम्ही, तुमच्या तोंडानं, न हसता, म्हणा: पाच घमेल्यांची गोणी, एकशे तीस रुपये.

शहादेव